लिटरमागे किती डोकी

जळगावच्या दलिचंदशेठांनी गाडी घेतली, असं म्हणणं बरोबर नाही. त्या काळी गाडी कुणी घेत नसे, गाडी मिळत असे. आणि मिळायला इतकी वर्षं लागत की नंबर लावताना मांडीवर खेळणारी मुलगी किल्ली हातात येईपर्यंत सासरी गेलेली असे. शेठांचं अगदी तसंच झालं. त्यांची मुलगी कुसुमलता मांडीवर होती तेव्हा त्यांनी ‘पारवा’ नावाच्या छोट्या गाडीसाठी नंबर लावला. नंबर लागला तेव्हा कुसुमलता शिरपूरला लखीचंदशेठांच्या घरी सून म्हणून पापड लाटत होती.

मात्र वाट पाहण्याचाही फायदा असतो. मधल्या काळात कंपनीने गाडी सुधारली. तिचं नाव पडलं ‘पारवा सुधारित’. सुधारणा म्हणाल तर पुढचे गोल दिवे जरासे चौकोनी केले, राखदाणी काढून टाकली, आणि पेट्रोलची इंजिनं दोन प्रकारांत देऊ केली: एक काटकसरी आणि दुसरं अतिकाटकसरी. अरबांनी नुकताच तेलाचा नळ आवळला होता आणि चांगली कमावती माणसं पंपावर भाव विचारून स्कूटर ढकलत घरी येत होती. शेठांनी अर्थातच अतिकाटकसरी इंजिन घेतलं. ते चालू आहे की बंद, हे कळायला बॉनेटवर कान ठेवावा लागे.

शेठांचा धंदा सरकी-पेंडेचा. गिऱ्हाईक सगळं म्हशीवालं. गाडी दारात उभी राहिली, शेठाणी प्रेमकुंवरबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि गिऱ्हाइकं भोवती जमली. रंगाकडे कुणी पाहिलं नाही, आत कुणी डोकावलं नाही. वना नावाचा म्हशीवाला गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन वाकला, नीट पाहून उभा राहिला आणि म्हणाला, “शेठ, कितलं देस?”

“वीस,” शेठ छाती फुगवून म्हणाले. “लिटरला वीस किलोमीटर.”

“दोन्ही टाइमनं का एक टाइमनं?”

इथे सगळे हसले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण कुणीही हसलं नाही. सगळ्यांना तो प्रश्न रास्त वाटला. शेजारच्या उत्तमचंदशेठांकडे जुनी, ऐसपैस, रेल्वेच्या डब्याएवढी मोठी गाडी होती आणि ती लिटरला आठ देई. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, “वीस? उतारावर का?”

आता मात्र सगळे हसले. दलिचंदशेठांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या दिवसापासून गाडीचं ॲव्हरेज ही त्या घराची अब्रू झाली.

अब्रू सांभाळायची म्हणजे पथ्य आलं. आधी स्टेपनी काढून माळ्यावर टाकली, कारण पंक्चर न होताच ती ओझं वाढवत होती. मग मागची सीट काढली. मग आरसा काढला. वाऱ्याला अडतो म्हणे. गाडी सुरू करताना पेट्रोल जास्त जातं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा दुकानातले हमाल ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेऊ लागले. हमालांनी दुपारच्या चहाबरोबर भजी मागितली. ती शेठांनी आनंदाने दिली, कारण भजी ॲव्हरेजमध्ये धरत नाहीत.

याच सुमाराला शिरपूरहून निरोप आला. कुसुमलतेला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सासूबाईंनी, म्हणजे लखीचंदशेठांच्या सायरबाईंनी अट घातली होती: “पोरीला एसटीच्या दणक्यात पाठवणार नाही. तुमच्याकडे स्वतःची गाडी आहे, गाडी घेऊन या आणि मानाने न्या.”

प्रेमकुंवरबाईंनी लगेच डिंकाचे लाडू वळले, धुतलेल्या साड्यांची दुपटी केली, आणि नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, कधी निघायचं?”

“निघू की. वारा फिरू दे.”

“वारा?”

“शिरपूरकडे जायचं म्हणजे तोंड पश्चिमेला. वारा पश्चिमेचा. गाडी वाऱ्याच्या विरुद्ध गेली की दोन किलोमीटरने मार खाते. वर धुळ्यापर्यंत सगळा चढ.”

“येताना उतार आहे ना?”

“येताना आहे. पण गेल्याशिवाय येणार कसं?”

हा मुद्दा बिनतोड होता. आठवा लागला तरी वारा फिरला नाही. उन्हाळ्यात खानदेशात तो फिरत नसतोच. प्रेमकुंवरबाई रोज सकाळी अंगणात जाऊन नीलगिरीच्या शेंड्याकडे पाहायच्या. शेंडा आपला पूर्वेला झुकलेला. एकदा त्या चिडून म्हणाल्या, “गाडी बसायला घेतलीत की ओवाळायला?” शेठ फडक्याने दिवा पुसत राहिले. लेकीची काळजी त्यांना नव्हती असं कुणी म्हणू नये. तिची आठवण निघाली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. नुसतं पाणी येऊन भागत नव्हतं, एवढंच.

नववा लागला आणि सरकार मदतीला धावून आलं. धुळे-जळगाव या दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक संयुक्त इंधन काटकसर समिती स्थापन झाली होती, आणि तिने पेट्रोल बचत सप्ताहानिमित्त धुळे ते जळगाव अशी मोटारींची काटकसर स्पर्धा जाहीर केली. कमीत कमी पेट्रोलमध्ये येईल तो पहिला. समितीचे सदस्य मार्गाची पाहणी करायला चार जीपगाड्यांतून धुळ्याला गेले, पेट्रोलचा अपव्यय होण्यासारख्या जागा पाहून आले, एक जागा नजरेतून सुटली असं वाटल्यावरून पुन्हा गेले.

नियम करताना पेच पडला. नुसतं लिटरला किती किलोमीटर एवढंच धरलं तर एखादा फाटका मोपेडवाला पहिला यायचा आणि समस्त मोटारमालकांची नाचक्की व्हायची. तेव्हा अध्यक्षसाहेबांनी तोडगा काढला. गाडी किती धावली याला महत्त्व नाही, राष्ट्राची किती माणसं वाहून नेली याला आहे. सबब किलोमीटरला गाडीतल्या डोक्यांनी गुणायचं आणि मग लिटरने भागायचं. वजन धरायचं नाही, वयाची अट नाही. प्रत्येक गाडीत समितीचा एक निरीक्षक बसेल. त्याचं डोकं मात्र धरलं जाणार नाही, कारण ते शासकीय आहे. मध्ये थांबलेल्या गाडीचा प्रवास खंडित समजला जाईल.

नियम ऐकून उत्तमचंदशेठांनी त्याच संध्याकाळी आपल्या डब्यात बसून पाहायला नातेवाईक गोळा केले. अकरा बसले. दार लागत होतं.

दलिचंदशेठांना रात्रभर झोप आली नाही. डोकी पाहिजेत, पण हलकी पाहिजेत! सकाळी चहाचा कप ओठाला लावता लावता त्यांच्या डोक्यात उजाडलं. कुसुमलतेला आणायचंच आहे. स्पर्धा धुळ्याहून जळगावला, म्हणजे उतार आणि पाठीवर वारा. सायरबाईंनी तिला धुळ्यापर्यंत आणून पोचवावं, तिथून ती बापाच्या गाडीतून मानाने येईल. लेक माहेरी येईल आणि डोकंही मिळेल!

“आणि गाडी धुळ्याला कशी न्यायची? वारा?” प्रेमकुंवरबाईंनी विचारलं.

“ट्रकवर चढवून.”

“ट्रक डिझेल पितो त्याचं काय?”

“ते ट्रकचं ॲव्हरेज,” शेठ म्हणाले.

याप्रमाणे पारवा सुधारित ट्रकवर चढून, दोरखंडांनी बांधून, एक थेंबही न जाळता धुळ्याला पोचली. काढलेली मागची सीट लेकीसाठी पुन्हा बसवली होती. सायरबाईंनी सुनेला आग्रा रोडवर शेठांच्या हवाली केलं आणि ट्रक, दोरखंड, गाडी या सगळ्याकडे एकवार पाहून त्या आल्या पावली परत गेल्या. कुसुमलता अवघडून उभी होती. पाय सुजलेले, चेहरा उन्हाने काळवंडलेला. बापाला पाहून ती हसली.

“बाबूजी, गाडी छान आहे हो.”

इतक्या महिन्यांत त्या गाडीला छान म्हणणारी ती पहिलीच. शेठ फडक्याने तिच्यासाठी सीट पुसू लागले. पण तेवढ्यात समितीने डोकी मोजायला घेतली आणि फडकं टाकून ते तिकडे धावले.

“चार लिहा,” ते अध्यक्षसाहेबांना म्हणाले. “मी, ही, मुलगी आणि मुलीच्या पोटातलं.”

अध्यक्षसाहेबांनी चष्मा वर केला. “शेठ, पोटातलं डोकं दिसतं का?”

“दिसत नाही, पण आहे.”

“नियमात डोकी मोजावीत असं आहे. न दिसणारं डोकं मोजायचं ठरलं तर उद्या कुणीही काहीही सांगेल. तोवर ते सामान.”

“आणि वाटेत दिसलं तर?”

साहेब विचारात पडले. त्यांनी दोन सदस्यांशी कुजबुज केली. “ज्या किलोमीटरला डोकं दिसेल,” ते गंभीरपणे म्हणाले, “तिथून पुढे धरलं जाईल. निरीक्षकांनी वेळ टिपून ठेवावी.”

निरीक्षक होता गिरधर. पुरवठा खात्यातला नवा कारकून, लग्न व्हायचं होतं. त्याचे कान तापले. पेट्रोलच्या टाकीची नळी काढून त्याच्यासमोर काचेची बाटली टांगली होती, दवाखान्यात सलाइन टांगतात तशी. तिच्यातून इंजिन थेंब थेंब पीत होतं. त्याने जी बाटलीला नजर लावली ती हलवली नाही.

गाड्या सुटल्या. उत्तमचंदशेठांचा डबा अकरा डोक्यांसह गर्जना करत पुढे गेला. पारवा निघाली तशी निघाल्यासारखी वाटली नाही. अतिकाटकसरी इंजिनाला मानवणारा वेग माणसाच्या चालीपेक्षा जेमतेम जास्त होता. खिडक्या बंद, कारण वारा आत शिरला की गाडी जड होते. वैशाखाचं ऊन. आत चार माणसं आणि एक सामान भाजून निघत होतं.

पारोळ्याच्या मारुतीचं देऊळ लांबून दिसायला लागलं तेव्हा कुसुमलतेने आईचा हात घट्ट धरला.

“बाई... कळ आली.”

“अहो!” प्रेमकुंवरबाई ओरडल्या. “पोरीला कळा सुरू झाल्या!”

शेठांनी मान वळवली नाही. मान वळवली की पाय हलतो. “गिरधरराव, किती आलो आपण?”

“निम्मं नाही झालं अजून.”

“म्हणजे निम्म्याहून जास्त राहिलं,” शेठ म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. मला हे सांगताना राग येतो, पण उजळला.

“समोर पारोळं आहे. तिथे दवाखाना आहे. गाडी थांबवा,” प्रेमकुंवरबाई म्हणाल्या.

“थांबता येत नाही. थांबलं की प्रवास खंडित.”

“मग पोर काय गाडीत बाळंत होणार?”

“झाली तर वाईट काय? तू आहेस, मी आहे, शासनाचा माणूस आहे. पारोळ्याच्या आसपास मोकळी झाली तर पुढचा अख्खा रस्ता चार डोकी पडतात. उत्तमचंद कुठल्या कुठे जाईल!”

“शेठ,” गिरधर बाटलीकडे बघत म्हणाला, “डोकं दिसल्याची वेळ मला टिपायची आहे, पण मी मागे बघणार नाही. आधीच सांगतो.”

“मग ही सांगेल ना.”

“बाईमाणसाची साक्ष समितीला चालेल का, ते नियमात नाही.”

“मला पाणी द्या कुणीतरी,” कुसुमलता म्हणाली. पाणी नव्हतं. फिरकीचा तांब्या धुळ्यालाच उतरवला होता, वजन नको म्हणून.

तेव्हा प्रेमकुंवरबाईंनी काय करावं? त्यांनी दार उघडलं आणि त्या चालत्या गाडीतून खाली उतरल्या. पडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. देवळाची पायरी उतरावी तशा उतरल्या, इतका त्या गाडीचा वेग. उतरून पदर खोचला आणि दवाखान्याच्या रोखाने गाडीच्या पुढे चालू लागल्या.

मागे हिलाल नावाचा शेतकरी बैलगाडी घेऊन मघापासून वाट मागत होता. “ओ शेठ, बाजूले व्हय ना! माले दुपारना आत घर पोहचनं शे!” असं त्याने चारदा ओरडून सांगितलं होतं. बाई उतरलेल्या पाहिल्या आणि उघड्या दारातून कुसुमलतेचं कण्हणं ऐकलं, तशी त्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या, गाडी रस्त्याखाली घालून पारव्याला मागे टाकली आणि पुढे नेऊन आडवी लावली. शेठांनी हॉर्नवर हात नेला आणि बॅटरी खर्च होईल म्हणून परत घेतला. ब्रेक मारावा लागला.

“आक्का, पोरले मन्ही गाडीमा टाका,” हिलाल म्हणाला. “कडबा शे, वर गोधडी टाकस. दवाखाना पुलजवळच शे.” मग त्याने शेठांच्या बाजूच्या काचेवर थाप मारली. “पोर वरडी राहिनी नि तू बाटली देखी राहिना! माणूस शे का कोन शे तू?”

शेठ खाली उतरले. बापाचं काळीज होतं शेवटी. त्यांनी लेकीला धरून बैलगाडीत चढवलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं. ते बैलगाडीच्या चाकावर पायही ठेवणार होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं. इंजिन चालूच होतं. थेंब थेंब चालला होता, फुकट.

“तू हो पुढे, बेटा,” ते म्हणाले. “मी जळगावला पोचून लगेच येतो.” आणि धावत जाऊन स्टिअरिंगमागे बसले. “गिरधरराव, याला थांबणं म्हणत नाहीत. जनावराचा अडथळा लिहा.”

गिरधरने जनावराचा अडथळा लिहिला. मायलेकींना घेऊन बैलगाडी धुरळा उडवत पुढे निघून गेली आणि बघता बघता दिसेनाशी झाली.

जळगावच्या नाक्यावर मांडव घातला होता. पारवा तिथे पोचेपर्यंत हार सुकले होते. एरंडोलला उत्तमचंदशेठांच्या डब्याने उकळून वाफ सोडली होती आणि अकराच्या अकरा डोकी खाली उतरून तो ढकलत होती. बाहेरची डोकी धरत नाहीत म्हणून तो डबा बाद झाला. बाकीच्या गाड्यांचीही कमी-अधिक अशीच गत. पोचली ती पारवा, पण डोकं एकच, आणि तेही मालकाचं. एवढ्यावर बक्षीस दिलं तर समितीचं हसं झालं असतं. मंत्रालयातून पाहुणे येऊन बसले होते.

अध्यक्षसाहेबांनी मांडवामागे बैठक घेतली. पारोळ्याहून फोनवर कळलं होतं की मूल सुखरूप जन्मलं. साहेबांनी मुद्दा मांडला की बैलगाडीने दोन डोकी दवाखान्यापर्यंत वाहिली आणि एक थेंब पेट्रोल जाळलं नाही. सबब सदर बैलगाडी हे पारव्याचं पूरक वाहन मानावं, मूल धरून तिन्ही डोकी पारव्याच्या खाती जमा करावीत आणि त्यांचा जळगावपर्यंतचा प्रवास झाला असं समजावं, कारण त्यांचा इरादा जळगावचाच होता. एका सदस्याने बैलांची डोकी धरावीत का अशी शंका काढली. तिच्यासाठी उपसमिती नेमली गेली.

दलिचंदशेठांना पहिलं बक्षीस मिळालं. फोटो निघाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की राष्ट्राला आज अशाच काटकसरी कुटुंबांची गरज आहे. टाळ्या वाजल्या. शेठ टाळ्या संपायच्या आत निघाले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण जळगावहून पारोळं पश्चिमेला आहे, आणि वारा अजून फिरलेला नव्हता. ते दुसऱ्या दिवशी एसटीने गेले.

त्यानंतर आठवडाभर दलिचंदशेठांच्या ओट्यावर माणसांची रीघ होती. पुरुष आले ते सगळे गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, “शेठ, शेवटी किती दिलं?” बायका आल्या त्या माजघर रिकामं पाहून परत फिरल्या आणि शेठांनाच म्हणाल्या, “काय झालं, मुलगा की मुलगी?” सायरबाईंचा निरोप आला तोही हाच, वर एवढंच की बाळंतपण ना सासरी झालं ना माहेरी, आता पारोळ्याला नातवंडाचं आजोळ म्हणायचं का.

तुम्हीही मघापासून खोळंबला आहात, तर सांगून टाकतो. समितीच्या हिशेबाने पारव्याने लिटरला एकशे चार दिलं, पूरक वाहनासह. मुलगी झाली. गोरी आहे, जावळ भरपूर आहे, नाक आजोबांवर गेलंय. झालं समाधान?

कुसुमलतेचं फार रक्त गेलं होतं. महिनाभर ती पारोळ्याच्या दवाखान्यात होती आणि प्रेमकुंवरबाई तिच्या उशाशी बसून होत्या. आता बरी आहे. तुम्ही विचारलं नव्हतं. मीच आपलं सांगून ठेवलं.